बाय मिळाली

मामा,

फायनल संपली. आधी तेच सांगते, कारण निकाल कळल्याशिवाय तुम्ही माझं पुढचं काही ऐकून घेणार नाही. निकाल लागला, आणि पहिल्या डावाच्या लीडवर नाही, खराखुरा लागला. शेवटच्या दिवशी मूठभर धावा करायच्या होत्या, त्यातही गाढवांनी गडी घालवले, पण जिंकले. तुम्ही असता तर मांडीवर थाप मारून म्हणला असता, "ह्याला म्हणत्यात मॅच." मी त्या दिवशी बघितली नाही. घर पाव्हण्यांनी भरलं होतं, तुम्हाला माती देऊन फार दिवस झाले नव्हते. नंतर एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं तेव्हा मोबाईलवर लावली. एक चेंडू बॅटची कड घेऊन स्लिपमधून गेला आणि मी सवयीनं मान वळवून तुमच्या खुर्चीकडं बघितलं. मग बंद केली.

लोक विचारतात, कोण गेलं? मी म्हणते, सासरे. "अरेरे. वय काय होतं?" वय सांगितलं की त्यांचं समाधान होतं. सुनेला सासऱ्याचं दुःख कितपत असावं हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. पाव्हणे येत होते ते तुमच्या पुतण्याच्या गळ्यात पडत होते, कारण माती त्यानं दिली. मी आत चहा करत होते. एक म्हातारी तर जवळ येऊन मला म्हणली, "सुटलीस बाई. आता कुणाचं करायचं राहिलं न्हाय." मामा, खरं सांगते, हातातली कपबशी तिच्या अंगावर फेकावी वाटली. नाही फेकली. मागनं नाव तुमचंच खराब झालं असतं.

तिला काय सांगणार होते मी? आपलं नातंच मुळात एका चुकीच्या ऐकण्यानं लागलेलं. ती गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितली की आता मलाच ती डोळ्यांनी बघितल्यासारखी वाटते.

तुम्ही तेव्हा ढोकीच्या साखर कारखान्यात काट्यावर होता. उसाचे ट्रॅक्टर काट्यावर चढायचे, तुम्ही वजन घ्यायचा, आणि दोन ट्रॅक्टरच्या मधे ट्रान्झिस्टरला कान लावायचा. महेशसाठी जळकोटला मला बघून तुम्हाला आठवडा झाला होता. तुमच्याकडनं ना हो, ना नाही. आत्याबाईंना सून म्हणून मी पसंत होते आणि तुमच्या मनात दुसरंच स्थळ होतं. आणि एका सकाळी पेपरात आलं की देशातल्या विभागांच्या क्रिकेट स्पर्धेत, तुम्ही जिला नुसती 'झोन' म्हणायचा, त्या झोनमधे आपल्या पश्चिम विभागाला बाय मिळालीय. तुम्ही बैठकीतनं ओरडला, "आगं, आपल्याला बाय मिळाली!"

आत्याबाई स्वयंपाकघरात पीठ मळत होत्या. त्यांना जे ऐकायचं होतं तेच ऐकू आलं. पिठाच्या हातानं साखरेचा डबा उचलला आणि निघाल्या की गल्लीत वाटत. "महेशला बाय मिळाली. जळकोटची." साखरेच्या गावात साखर वाटायला कितीसा वेळ लागतो? गल्लीतल्या कुणाची तरी बहीण जळकोटला दिलेली. तिनं आमच्या घरी फोन केला. दुपारी तुम्ही आंघोळ करून टॉवेलनं कान पुसत बाहेर आला तर दारात माझे वडील, अण्णा, हातात पेढ्याचा पुडा, डोळ्यात पाणी. "पाव्हणं, लई उपकार झाले तुमचे." तुम्हाला काही कळेना. मग आत्याबाईंच्या तोंडाकडं बघितलं आणि सगळं कळलं. एक शब्द बोलला असता तर अण्णा आल्या पावली परत गेले असते. तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणला, "मिळाली म्हणजे मिळाली. चहा टाका."

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी हे सगळं तुम्ही भरल्या घरात हसत हसत सांगितलं. वर म्हणला, "ही आमच्याकडं एकबी मॅच न खेळता सेमीफायनलला आली." सगळे खो खो हसले. मला बाय म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की मी नको असताना गळ्यात पडलेय. आत जाऊन रडले. तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार. संध्याकाळी तुम्ही ताटात शेंगा घेऊन ओट्यावर आला, लाजल्यासारखं करत. ताटात पाच शेंगा मांडल्या. "ह्या पाच टीम. जोड्या लावून बघ. लागत्यात का? एक उरती. मग कुणालातरी न खेळता पुढं सोडावं लागतं. त्याला बाय म्हणत्यात." मी मान खाली घालून बसले होते. तुम्ही एक शेंग उचलून माझ्यासमोर ठेवली. "आन ती उगं कुणालाबी मिळत न्हाय. मागल्या खेपंला जे चांगलं खेळले त्यास्नीच."

ती तुमची माफी होती, हे कळायला मला थोडे दिवस लागले. तिथून पुढं तुम्ही मला बायच म्हणायला लागला. गल्लीला वाटायचं, काय बाई सासरा आहे, सुनेला बाय बाय करतोय!

मोठ्या मॅचा तुम्ही बघायचाच नाही. वर्ल्डकप लागला की म्हणायचा, "त्यास्नी अख्खा देश हाय की बघायला." तुमचं सगळं लक्ष ह्या झोनवर. एवढं मोठं मैदान आणि बघायला सावलीला बसलेला वॉचमन आणि एखादं कुत्रं. मी एकदा चिडवलं, "मामा, मैदानात नाही कुणी आणि इथं आपण दोघं. हे खेळतात तरी कुणासाठी?" तर तुम्ही एकदम गंभीर झाला. "पोरं उन्हात चार चार दिवस हुभी ऱ्हात्यात. कुण्यातरी एका घरानं बघावं का न्हाय?" त्यातही साखळी तुम्हाला नको, बाद फेरीच पाहिजे. हरला तो घरी. त्यात तुम्हाला जीव आल्यासारखं व्हायचं.

आत्याबाई गेल्या. मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महेश गेले. आपल्या मेडिकलमधनं गावाला औषधं पुरवता पुरवता गेले. त्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही, तुम्हीही कधी बोलला नाहीत. मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर माझा दादा गाडी घेऊन आला, मला जळकोटला न्यायला. बॅग भरून ठेव म्हणाला. तुम्ही दारातच त्याला सांगितलं, "मेडिकलचं लायसन तिच्या नावावर हाय. दुकान तिचं, घर तिचं. जायचं का ऱ्हायचं हे ती सांगंल. मी न्हाय आन तूबी न्हाय." दादाला राग आला. मला मात्र पहिल्यांदाच श्वास घेतल्यासारखं वाटलं. राहते म्हणलं.

राहिले, पण आपण दोघं एकमेकांशी बोलायलाच विसरलो. जेवण वाढलंय. गोळी घेतली का. दार लावा. एवढंच. त्या घरात दोन माणसं आपापलं दुःख सांभाळत इकडून तिकडं फिरत होती, एकमेकांना धक्का लागू नये म्हणून जपत. मग एका हिवाळ्यात तुम्ही दुकानात आला, खोकल्याच्या औषधाचे खोके एकावर एक रचले, त्यांना टेकवून मोबाईल उभा केला आणि मला हाक मारली, "बाय, ये. टॉस झाला." मी गेले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला थांबा म्हणलं आणि गेले. त्या हाकेसाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे. तुम्ही जिवंत असताना हे बोलले असते तर तुम्ही म्हणला असता, "गप, बॉलर आला."

आता तेरच्या डॉक्टरांचं.

जनावरांचे डॉक्टर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आपल्याकडं औषधं न्यायला यायचे. मोबाईलवर मॅच बघून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मामा, ही कुठली मॅच? पब्लिक का नाही?" मला वाटलं, आता ह्यांचं काही खरं नाही. पण तुम्ही त्यांना स्टूल दिलं. मग ते औषधं नसली न्यायची तरी यायला लागले. त्यांना क्रिकेटमधलं काही म्हणता काही कळत नव्हतं. गायीच्या पोटात काय झालंय ते बाहेरून हात लावून सांगतील, पण लेगबाय कशाला म्हणतात ते शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हाला मात्र शिकवायला माणूस मिळाला. आणि मला हळूहळू कळत होतं की ते फक्त मॅचसाठी येत नाहीत. तुम्हाला माझ्या आधी कळलं होतं.

त्यांनी मला काउंटरवर सरळ विचारलं. "मॅडम, तुमची हरकत नसेल तर मी मामांशी आपल्याबद्दल बोलू का?" मी म्हणलं, "मॅच चालू आहे." आता सांगा, हे काय उत्तर झालं? पण ते शहाणे. मान हलवून गेले.

तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत. पेपरात बायकांच्या पानावर येतं तसलं 'नवी इनिंग' वगैरेही बोलला नाहीत. बोलला असता तर मी भांडून मोकळी झाले असते. तुम्ही नुसतं भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणला, "तेरला इथनं गाड्या लई हायत. घडीघडीला." मी म्हणलं, "मग? जायचंय का तुम्हाला कुठं?" तुम्ही म्हणला, "न्हाय. उगं सांगितलं."

आणि मग गणपतीतल्या लक्ष्म्या उठल्यावर ती सेमीफायनल आली. आपल्या विभागाला ह्याही वेळी बाय. तुम्ही माझ्याकडं बघून हसला. आपण पहिल्या डावात ढीगभर धावा केल्या, समोरच्यांनी त्यावर आणखी ढीग घातला. चार दिवसांत निकाल लागणार नाही हे दिसतच होतं. बाद फेरीत कुणालातरी पुढं पाठवावंच लागतं, म्हणून नियम असा की मॅच अनिर्णित सुटली तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो पुढं. त्यालाच आपण लीड म्हणायचो. लीड त्यांची झाली होती. आता त्यांना फक्त संध्याकाळ व्हायची वाट बघायची होती. कॅप्टननं फिल्डर लांब लांब पांगवले आणि कामचलाऊ बॉलर आणले. तुम्ही खुर्चीत धुसफुसायला लागला.

"लीड मिळाली म्हणून आता पाय पसरून बसायचं व्हय?"

"मिळवली ना त्यांनी? बसू द्या की."

"आजून दिवस हाय निम्मा."

"मग काय करायचं निम्म्या दिवसाचं?"

"खेळायचं."

"कशाला? जे मिळायचं होतं ते मिळालं, मामा. उगं हातचं घालवायला?"

"खेळताना गेलं तर गेलं. पण खेळायचं सोडून दिवस मावळायची वाट बघूलालेत, हे मला न्हाय पटत."

"नियमात बसतंय."

"नियमात लई काय बसतंय," तुम्ही म्हणला आणि मोबाईलकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघितलं.

आपण दोघंही मॅचबद्दल बोलत नव्हतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी महेशबरोबर सुखाचा संसार केला होता. तो माझा पहिला डाव, त्याच्या आठवणीवर उरलेली वर्षं काढीन, असंच मी ठरवलं होतं. आणि खरं कारण तर वेगळंच होतं, जे मी तोंडातून काढलं नाही. मी तेरला गेले तर तुम्हाला कोण? तुम्ही रात्री उठून पाणी पिता पिता ठसका लागला तर कोण? हे बोलले असते तर तुम्ही मला त्याच दिवशी हाकलून काढलं असतं. म्हणून मी लीडवर भांडत बसले. तुम्ही चप्पल घालून उठला आणि खेळाडूंनी हस्तांदोलन करायच्या आधीच घरी गेला.  

पण मी विचार करत राहिले, मामा. ते तीन शब्द, दिवस मावळायची वाट, डोक्यातून जाईनात. मला डॉक्टर आवडत होते. हे तुम्हालाच सांगतेय, दुसऱ्या कुणाला नाही. मला ते आले की बरं वाटायचं आणि गेले की दुकान मोठं वाटायचं. मग माझ्या मनानं एक वाट काढली. तुम्हाला सोडून कशाला जायचं? डॉक्टरांनाच म्हणायचं, तुम्ही इकडं या. तेर काय लांब आहे, गाड्या घडीघडीला आहेत असं तुम्हीच सांगितलंय. हे सुचलं तेव्हा मला एकटीलाच हसू आलं.

फायनल चालू होती. मी दुकानात तुमच्याजवळ आले. "मामा, एक बोलायचंय."

तुम्ही मोबाईलवरनं नजर हलवली नाही. "न्हाय म्हणायचं आसंल तर बोलूच नको. हो म्हणायचं आसंल तर जेवायची सुट्टी होऊ दे. हा पोरगा लई झकास खेळूलालाय."

मला इतकं हसू आलं. म्हणलं, बरं, तुमच्या पोराचं होऊ द्या आधी. आणि काउंटरवर गेले. एका बाईला तिच्या सासूच्या गोळ्या समजावून सांगत होते, सकाळची कुठली, संध्याकाळची कुठली. मागं कॉमेंट्री चालू होती. टाळ्या ऐकू आल्या, थोड्याशाच, रिकाम्या मैदानातल्या. बहुतेक त्या पोराचं शतक झालं. तुम्ही 'वा' म्हणला नाहीत. मला वाटलं, डुलकी लागली. बाई गेली. मी म्हणलं, "मामा, सुट्टी झाली." तुम्ही मागं मान टाकून बसला होता.

सगळ्या गावाचं ब्लडप्रेशर ज्या दुकानातून चालतं, त्या दुकानात, माझ्यापासून चार हातांवर. मी काय काय केलं ते तुम्हाला सांगत नाही. तेरचे डॉक्टर आले, दवाखान्यात नेलं, तिथले म्हणले आधीच गेलेत. मला स्वतःचा राग आला, तुमचा आला, त्या शतकवाल्या पोराचा सुद्धा आला. बिचाऱ्याचं काय चुकलं?

आता माझी खरी अडचण ऐका. मी हो म्हणायला आले होते. तुम्ही जिवंत असताना, तुमच्यासकट, तुम्हाला घरात धरून हो म्हणायला आले होते. आणि ह्याला साक्षीदार कुणी नाही. आता हो म्हणलं तर गाव म्हणणार, म्हातारा जायचीच वाट बघत होती. त्या कपबशीवाल्या म्हातारीला तर आनंदच होईल. गावाचं जाऊ द्या. मला भीती वाटायची ती तुमची. तुम्हाला असं वाटायला नको की तुम्ही अडसर होता आणि अडसर निघाला. त्या धाकानं मी डॉक्टरांना दुकानात येऊ दिलं नाही. म्हणजे येऊ नका असं बोलले नाही, पण ते आले की गोळ्या मोजत राहिले. मान वर केली नाही. घरी आले की तुमची खोली बंद, पुढचं दार बंद. रेडिओ नाही, मोबाईल नाही. भांडायला कुणी नाही. रणजीचे सामने सुरू झाल्याचं कळलं, पण कुणाला हाक मारू? मी एकटी जेवायला बसले की ताट पुसून परत ठेवते, भूकच नसते. मला फार एकटं वाटतं, मामा.

परवा डॉक्टर आले आणि गेलेच नाहीत. दुकानातलं शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत उभे राहिले. मग म्हणले, "मॅडम, तुम्ही नाही म्हणलात तरी चालेल. पण मामांचं एक बोलणं माझ्यापाशी राहिलंय, ते तुम्हाला पोचवलं पाहिजे."

मी गोळ्या खाली ठेवल्या.

"सेमीफायनल संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते तेरला आले होते. एकटेच, एसटीनं. मला म्हणले, ती हो म्हणंल. आज न्हाय तर उद्या, पण म्हणंल. मग मला एक अट घातली."

"कसली अट?"

"म्हणले, बैठक हुईल तवा म्या पोरीकडून बसणार. तुमच्याकडून कोण बसायचं ते तुमी बघा."

मी मागं खोक्यांमधे गेले आणि तोंडावर पदर दाबून रडले. नवऱ्या मुलाचा बाप म्हणून तुम्ही एकदा अण्णांच्या समोर बसला होता. आता पोरीकडून बसायला निघाला होता, तेही कुणाला न सांगता, उन्हातान्हात एसटीनं जाऊन, जागा सांगून आला. इतकी वर्षं तुम्ही मला बाय म्हणला, सूनबाई म्हणला, चिडला की 'जळकोटकरीण' म्हणला. पोर कधी म्हणला नाहीत. म्हणला ते तेरला जाऊन, दुसऱ्याला.

बाहेर आले तेव्हा डॉक्टर तिथंच उभे होते. मी हो म्हणलं.

बैठक दिवाळीनंतर आहे, आपल्याच घरात. अण्णा आता नाहीत, पण दादा येणार आहे, आईचे भाऊ येणार आहेत जळकोटचे, सगळे सतरंजीवर बसतील, आणि कुणीतरी विचारेलच, पोरीकडचं वडीलधारं कोण. मी सांगून टाकलंय, मधल्या जागेवर कुणी बसायचं नाही.

मी हो म्हणलंय, मामा. या, बसा.